ऑयलरच्या प्रवाहात गाउसियन टिकतं का?

उलटा_भोवरा
रविवार, रात्री १०:४२

परवा आईनं परातीत पाणी घेतलं, त्यावर रांगोळी पसरली आणि वर रंगाचं फूल काढलं. दहा मिनिटांत भाचीनं त्यात उदबत्तीची काडी फिरवली. आई ओरडली, भाची पळाली, मी तिथेच उकिडवा बसून बघत राहिलो. लाल पाकळी लांबत गेली, तिची रेघ झाली, रेघेची गुंडाळी झाली, आणि शेवटी सगळं गुलाबी धुरकट दिसायला लागलं. पण अगदी वाकून बघितलं तर लाल कण लालच होता. रंग कुठेच फिका झाला नव्हता, फक्त बारीक झाला होता.

द्विमितीय आदर्श द्रवाचं ऑयलरचं समीकरण (निबंध १७५७ चा) हेच सांगतं. द्रव आदर्श म्हणजे त्याला चिकटपणा नाही आणि तो दाबून आकसत नाही. रंगाच्या जागी व्हॉर्टिसिटी घाला: त्या जागी इवलीशी काडी टाकली तर ती स्वतःभोवती किती जोरात फिरेल, त्याचा आकडा. कण जिथे जाईल तिथे आपला आकडा सोबत नेतो. रांगोळीशी फरक एवढाच की रंग पाण्याला काही सांगत नाही, आणि इथे सगळ्या कणांचे आकडे मिळूनच पाण्यानं कुठे वाहायचं ते ठरतं. रंगानंच काडी फिरवावी तसं.

आता धाग्याचा प्रश्न. सुरुवातीची व्हॉर्टिसिटी मी ठरवत नाही, फासे टाकून काढतो. घंटेच्या आकाराच्या, गाउसियन फाशांनी. मग द्रवाला तासभर वाहू देतो. तासानंतर जे चित्र मिळेल तेही त्याच फाशांनी काढल्यासारखं असेल का? पत्त्यांच्या भाषेत: नीट पिसलेली गड्डी पुन्हा पिसली तर ती पिसलेलीच राहते. तसं ऑयलरनं पिसल्यावर जे पिसलेलंच राहतं असं गाउसियन मेजर कुठलं? (मेजर म्हणजे लष्करातला नव्हे. शक्यता कुठे किती वाटली आहे त्याचा हिशोब.)

क्षेत्र म्हणून चौकोन घ्या, पण जुन्या मोबाइलवरच्या सापाच्या खेळासारखा: उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत. अशा चौकोनावर कुठलंही चित्र लाटांच्या बेरजेनं लिहिता येतं. प्रत्येक लाटेला दोन पूर्णांकांचा पत्ता असतो, (१,०), (२,−१) असा, आणि एक उंची. मी प्रत्येक उंची स्वतंत्रपणे गाउसियन फाशानं काढतो. फासा किती पसरट, म्हणजे व्हेरियन्स किती, हे प्रत्येक पत्त्यासाठी मी आधी ठरवायचं. माझ्या हातात तेवढंच आहे.

ऑयलरच्या समीकरणात लाटा तिघातिघांनी बोलतात. क, ख, ग या पत्त्यांची बेरीज शून्य असेल तरच ते त्रिकूट. 'क'च्या उंचीचा बदल 'ख' आणि 'ग'च्या उंचींच्या गुणाकारानं ठरतो, आणि त्या गुणाकारामागे एक सहगुणक असतो: (१/|ख|² − १/|ग|²) गुणिले क, ख, ग हे बाण टोकाला टोक जोडून होणाऱ्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट. (|ख| म्हणजे 'ख' या बाणाची लांबी.) चक्राकार फिरवलं की उरलेले दोन मिळतात. क्षेत्रफळ तिघांना सारखंच. 'क'च्या बदलात स्वतः 'क' कुठेच नाही. त्यामुळे मोजक्याच लाटा ठेवल्या तर लिउव्हिलचं प्रमेय फुकटात मिळतं: प्रवाह उंचींच्या अवकाशातलं घनफळ राखतो. हे टी. डी. ली यांनी १९५२ मध्येच दाखवलं होतं (हो, तेच, १९५७ च्या नोबेलवाले).

घनफळ राखलं जातंय, तेव्हा गाउसियन टिकायला त्याच्या घातांकातली बेरीज राखली जायला हवी. त्या बेरजेत प्रत्येक उंचीच्या वर्गाला एक वजन असतं, व = १/व्हेरियन्स. मग प्रत्येक त्रिकूटासाठी अट निघते:

व(क)·(१/|ख|² − १/|ग|²) + व(ख)·(१/|ग|² − १/|क|²) + व(ग)·(१/|क|² − १/|ख|²) = ०

मी दोन दिवस या ओळीकडे नुसता बघत होतो. मग आलेख कागद काढला. आडव्या अक्षावर १/|क|², उभ्यावर व(क). ही अट म्हणजे तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत हवेत, बाकी काही नाही! शाळेतली 'तीन बिंदू एकरेषीय असण्याची कसोटी'.

त्रिकुटं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की सगळे बिंदू एकाच रेषेवर यावे लागतात. म्हणून व(क) = बीटा + अल्फा/|क|². अल्फा हा ऊर्जेचा भाग, बीटा हा एनस्ट्रॉफीचा (व्हॉर्टिसिटीच्या वर्गाची बेरीज). दोघांच्या पलीकडे तिसरं कुणी बसत नाही.

आणि इथेच माशी शिंकते. पत्ता मोठा होत जातो, म्हणजे लाट बारीक होत जाते, तसं अल्फा/|क|² मरतं आणि व(क) बीटावर थांबतं. कितीही बारीक लाट घ्या, तिच्या फाशाचा पसारा कमी होतच नाही. हा पांढरा गोंगाट झाला, जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या. गुळगुळीत प्रवाह हवा असेल तर बारीक लाटांचे फासे झपाट्यानं अरुंद व्हायला हवेत. म्हणजे ऑयलरला टिकणारं गाउसियन गुळगुळीत नसतं, आणि गुळगुळीत असतं ते टिकत नाही.

अल्फा, बीटा दोन्ही धन घ्यायचे, अर्थात. चुका काढा. टंकाळा आलाय, बाकी प्रतिसादांत.

---

ताकपीठ
रविवार, रात्री ११:०५

पहिला परिच्छेद कळला. परात डोळ्यापुढे आली. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं तरी वाचनखूण साठवली आहे. आईंचं फूल परत काढून दिलंत का?

---

उलटा_भोवरा
रविवार, रात्री ११:०९

@ताकपीठ, भाचीनं काढलं. आधीच्यापेक्षा बरं.

---

सोलापुरी_चादर
सोमवार, सकाळी ७:३०

लेख आवडला, पण एक त्रिकूट आकड्यांनी करून दाखवा की राव. आम्ही डिप्लोमावाले, अक्षरांनी पोट भरत नाही.

---

उलटा_भोवरा
सोमवार, सकाळी ८:१२

रास्त मागणी. घ्या (१,०), (१,१), (−२,−१). बेरीज शून्य. लांबीचे वर्ग १, २, ५. त्यांचे व्यस्त १, ०.५, ०.२. अट अशी होते:

०.३ × व(पहिला) − ०.८ × व(दुसरा) + ०.५ × व(तिसरा) = ०

सगळी वजनं १ ठेवा: ०.३ − ०.८ + ०.५ = ०. जमलं, ही एनस्ट्रॉफी. वजनं १, ०.५, ०.२ ठेवा: ०.३ − ०.४ + ०.१ = ०. जमलं, ही ऊर्जा.

आता एक साधं, सज्जन, गुळगुळीत दिसणारं गाउसियन घ्या: व्हेरियन्स = १/|क|⁴. वजनं १, ४, २५. ०.३ − ३.२ + १२.५ = ९.६. शून्यापासून कुठल्या कुठे. लोकल पकडताना हे गणित झालंय, तेव्हा पुन्हा तपासा.

---

सोलापुरी_चादर
सोमवार, सकाळी ८:४०

तपासलं. ९.६ बरोबर. आता कळलं.

---

घाटावरची
सोमवार, दुपारी १:२०

धागा छान आहे. दोन गोष्टी.

एक चूक. 'अल्फा, बीटा दोन्ही धन, अर्थात' यातलं 'अर्थात' काढा. प्रत्येक लाटेचं वजन धन हवं, एवढंच. तुमच्या चौकोनात सर्वात लहान |क|² आहे १, म्हणून बीटा + अल्फा > ० पुरतं. बीटा धन असेल तर अल्फा ऋण चालतो, आणि सगळी गंमत त्याच बाजूला आहे. अल्फा म्हणजे व्यस्त तापमान (१/तापमान). तो ऋण असला की सर्वात लांब लाटांचे फासे भयंकर पसरट होतात आणि ऊर्जा मोठमोठ्या भोवऱ्यांत साचते. ऑनसागरनं १९४९ मध्ये बिंदू-भोवऱ्यांसाठी हेच ऋण तापमान मांडलं होतं. क्रेकननच्या १९६७ च्या निबंधात तुमचं सूत्र ऊर्जेच्या वर्णपटाच्या रूपात येतं: क/(अल्फा + बीटा·क²), इथे क म्हणजे पत्त्याची लांबी. द्विमितीत ऊर्जा लहानाकडून मोठ्याकडे चढते हे त्यांनी त्याच निबंधात मांडलं. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड आणि मोनॅश इथल्या दोन गटांनी अतिथंड अणूंच्या चपट्या द्रवात असे ऋण तापमानाचे भोवऱ्यांचे पुंजके प्रत्यक्ष करून दाखवले. ऑनसागरच्या निबंधाला तेव्हा ७० वर्षं झाली होती.

दुसरी, चूक नव्हे, पण फट आहे. तुम्ही मोजक्या लाटा ठेवून लिउव्हिल वापरलंत. लाटा अनंत असतात तेव्हा 'घनफळ' असं काही उरत नाही, अनंत मितींत लेबेगचं माप नसतं. मग 'घातांकातली बेरीज राखली जायला हवी' हे कशाच्या जोरावर?

---

उलटा_भोवरा
सोमवार, दुपारी २:०३

'अर्थात' मागे घेतो. दंडवत.

फट मान्य. रात्री बसतो.

---

रिकामा_न्हावी
सोमवार, दुपारी ४:४५

हे सगळं ठीक, पण नदीनाल्यात चिकटपणा असतो, तिसरी मिती असते. चिकटपणा नसलेलं, सपाट, सापाच्या खेळातलं पाणी कुठल्या गावाला मिळतं? आणि त्यातही उत्तर काय, तर टीव्हीवरच्या मुंग्या. खोदा पहाड.

(चिडवत नाही, खरंच विचारतोय. दिवसभर पंपांच्या वक्ररेषा बघून वैतागलोय.)

---

घाटावरची
सोमवार, संध्याकाळी ६:१०

@रिकामा_न्हावी, हवामान घडतं तो वातावरणाचा थर हजारो किलोमीटर पसरलेला आणि जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जाड असतो. त्या मापाच्या हालचालींना पहिला अंदाज म्हणून सपाट पाणी वाईट नाही. साबणाच्या पापुद्र्यावर तर द्विमितीय प्रवाहाचे प्रयोगच होतात.

मुंग्यांबद्दल मात्र तुमची तक्रार खरी आहे, आणि तीच या विषयाची दुखरी नस आहे. टिकणाऱ्या मेजरमध्ये ऊर्जा अनंत निघते. प्रत्येक लाटेची ऊर्जा म्हणजे व्हेरियन्स भागिले |क|². व्हेरियन्स स्थिर, म्हणून बेरीज १/|क|² ची. दोन मितींत ती लॉगच्या चालीनं, मुंगीच्या पावलानं अनंताला जाते. अगदी काठावर. त्यामुळे सरासरी वजा केली की उरलेली ऊर्जा सांत निघते, कारण आता बेरीज १/|क|⁴ ची आहे. म्हणूनच अल्फावालं मेजर अनंत लाटांतही अर्थपूर्ण राहतं. पण त्यातून फासा टाकून काढलेल्या चित्राला एखाद्या बिंदूवर वेग किती असं विचारायची सोय नाही. ते फलन नाहीच, वितरण आहे: बिंदूवर किंमत नाही, फक्त पसरट सरासरीला अर्थ.

---

नकटीचं_लग्न
सोमवार, रात्री ९:००

थांबा. बिंदूवर वेगच नाही, तर 'कण आपला आकडा घेऊन वेगानं जातो' या वाक्याला अर्थ काय? समीकरण लिहायचं तरी कसं? वितरणांचा गुणाकार करता येत नाही हे आम्हाला एम. एस्सी.ला घोकून घेतलंय.

---

घाटावरची
सोमवार, रात्री ९:५०

या धाग्यातला मला सर्वात आवडलेला प्रश्न. उत्तर उलटा_भोवरा यांच्याच सहगुणकात दडलंय.

'क'च्या बदलाची बेरीज बघा. जोडीतली एकच बाजू धरली, म्हणजे 'ख'नं 'ग'ला वाहून न्यायचं असं, तर सहगुणक साधारण |क|/|ख| इतका. त्याच्या वर्गांची बेरीज १/|ख|² सारखी, पुन्हा तीच लॉगची अनंतता. पण प्रत्येक जोडीत 'ग'ही 'ख'ला वाहून नेतोच. दोघांना एकत्र घेतलं की मधे वजाबाकी येते, १/|ख|² − १/|ग|². लाटा खूप बारीक असताना |ख| आणि |ग| जवळपास सारखे, म्हणून वजाबाकी इवलीशी, |क|/|ख|³ च्या मापाची. क्षेत्रफळाचं |क|·|ख| गुणलं की |क|²/|ख|². वर्गांची बेरीज आता १/|ख|⁴ सारखी. सांत!

म्हणजे पांढऱ्या गोंगाटावर गुणाकार करता येत नाही हे खरं, पण हा गुणाकार करता येतो. प्रत्येक चित्रासाठी नव्हे, जवळजवळ प्रत्येक चित्रासाठी, शक्यतेच्या अर्थानं. अवकाशाच्या भाषेत: बिओ-साव्हारचा गाभा (व्हॉर्टिसिटीवरून वेग काढायच्या सूत्रातला) कर्णावर, म्हणजे दोन बिंदू एकत्र येतात तिथे, फुटतो, पण तो विषम असल्यामुळे सममित केल्यावर फक्त उडी उरते, स्फोट राहत नाही.

याच जोरावर अल्बेव्हेरियो, रिबेरो द फारिया आणि होए-क्रोन यांनी १९७९ मध्ये या मेजरांची स्थिरता मांडली, आणि अल्बेव्हेरियो व क्रुझैरो यांनी १९९० मध्ये अशी उत्तरं अस्तित्वात असल्याचं दाखवलं: कुठल्याही क्षणी चित्र बघा, त्याच फाशांचं. फ्लँडोलीनं २०१८ मध्ये तिथवर दुसरी वाट काढली. चौकोनात असंख्य बिंदू-भोवरे यादृच्छिक जागी ठेवायचे, प्रत्येकाची ताकद संख्येच्या वर्गमुळानं भागायची, आणि संख्या अनंताकडे न्यायची.

पण उत्तर आहे म्हणजे ते एकच आहे असं नाही. इथे एकमेवता सिद्ध झालेली नाही. युदोविचची १९६३ ची एकमेवता मर्यादित व्हॉर्टिसिटीसाठी (आकडा कुठेच ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही अशा), ती या मुंग्यांपासून कोसावर.

---

नकटीचं_लग्न
सोमवार, रात्री १०:१४

वजाबाकीनं वाचवलं! 'गुणाकार करता येत नाही' हे वाक्य मी वीस वर्षं ब्रह्मवाक्य म्हणून सांगत आले. वर्गात एका मुलानं असलाच काहीतरी प्रश्न विचारला होता, त्याला गप्प बसवलं होतं. तो आता कुठे असेल कुणास ठाऊक.

---

उलटा_भोवरा
मंगळवार, रात्री १२:३१

फट बुजवली बहुतेक.

लिउव्हिल सोडून द्या. गुळगुळीत गाउसियन घ्या, म्हणजे समीकरण रीतसर, उत्तर एकमेव. समजा ते टिकतं. मग कुठलीही सरासरी काळानुसार बदलता कामा नये. मी एकच सरासरी बघतो: त्रिकूटातल्या तीन उंचींच्या गुणाकाराची. सुरुवातीला ती शून्य, कारण तिन्ही फासे स्वतंत्र आणि मध्य शून्य. सुरुवातीच्या क्षणी ती बदलते किती वेगानं? 'क'च्या उंचीच्या जागी तिचा बदल घाला. त्यातल्या असंख्य जोड्यांपैकी 'ख' आणि 'ग'शी जुळणारी तेवढी एकच जोडी सरासरीत उरते, बाकी सगळ्या शून्य. तिघांसाठी असं केलं, तिन्ही व्हेरियन्सच्या गुणाकारानं भागलं, की वरचीच एकरेषीय अट. अनंत मितीतलं घनफळ वगैरे काही लागलं नाही.

सोलापुरी_चादर यांच्या त्रिकूटासाठी, १/|क|⁴ वाल्या गाउसियनचा हा सुरुवातीचा वेग: ०.००३ − ०.०३२ + ०.१२५ = ०.०९६ (चिन्ह क्रमावर अवलंबून). शून्य नाही. म्हणजे पहिल्या क्षणापासूनच ते गाउसियन मोडायला लागतं.

---

घाटावरची
मंगळवार, सकाळी ९:०५

बुजली. आणि तुमच्या मूळ दाव्यापेक्षा पुढे गेलात, हे लक्षात आलं का?

---

रिकामा_न्हावी
बुधवार, रात्री ११:५८

मी खवळलो होतो, म्हणून मंगळवारची रात्र यात घातली. पायथनमध्ये ६४ × ६४ ची जाळी, तेच १/|क|⁴ वालं गाउसियन.

पहिल्यांदा एनस्ट्रॉफी चढतच गेली. राखली जायला हवी ना? दीड तास काळाची पायरी लहान करत बसलो. बायको म्हणाली झोप. मग लक्षात आलं: जाळीवर दोन लाटांचा गुणाकार केला की जाळीत न मावणारी बारीक लाट तयार होते आणि ती खोटं नाव घेऊन जाड लाटांत घुसते. एकतृतीयांशाच्या वरचे पत्ते, म्हणजे २१ च्या पुढचे, दर पायरीला पुसून टाकले. एनस्ट्रॉफी आणि ऊर्जा दोन्ही जागच्या जागी बसल्या.

मग तुमचा तिहेरी गुणाकार. १०० वेळा फासे टाकून सरासरी काढली. नुसता कचरा, कधी वर कधी खाली. तुमचं गणित चुकलं म्हणून लिहायलाच बसलो होतो. सुदैवानं आधी हिशोब केला: एका धावेत हा गुणाकार ०.०७ च्या आसपास हेलकावतो. १०० धावांच्या सरासरीत ०.००७ ची धूळ. ०.१ इतक्या वेळात दिसायला हवा होता ०.००९६. धुळीएवढाच! १०,००० धावा लावून ऑफिसला गेलो. आल्यावर बघतो तर शून्यातून सरळ निघालेली रेघ, उतार ०.०९६ च्या अगदी जवळ.

नंतर सगळ्या फाशांचे व्हेरियन्स सारखे केले, २१ पर्यंतच मुंग्या. तीच सरासरी शून्यावर चिकटून बसली, हललीच नाही.

'खोदा पहाड' मागे घेतो. उंदीर पाळीव निघाला.

---

सोलापुरी_चादर
गुरुवार, सकाळी ७:१५

न्हावीबुवा, कडक! माझ्या त्रिकूटाला नोकरी लागली.

एक शंका. लेखात म्हटलंय कण आपला आकडा जपतो. मग नुसती वर्गांची बेरीज कशाला, घनांची, चौथ्या घातांची, सगळ्यांचीच बेरीज राखली जाते की. राखल्या जाणाऱ्या राशी अनंत आणि मेजरात वापरल्या दोनच?

---

उलटा_भोवरा
गुरुवार, सकाळी ८:२०

अचूक पकडलंत. गाउसियनच्या घातांकात फक्त वर्ग बसतात, म्हणून गाउसियन शोधत असाल तर दोनच. शिवाय लाटा कापल्या की घन वगैरे राखले जात नाहीत, वर्गच तेवढे वाचतात. न्हावीबुवा घनांची बेरीज काढून बघतील तर ती हललेली दिसेल.

बाकी राशींना मान देणारा सिद्धांत वेगळा आहे, १९९०-९१ च्या सुमारास मिलर आणि रोबेर-सोमेरिया यांनी मांडलेला. तो परातीच्या जवळचा: शेवटी गुलाबी धूर दिसतो, पण प्रत्येक ठिकाणी लाल किती आणि पांढरा किती याचा हिशोब ठेवायचा. त्यावर वेगळा धागा हवा, मला तो नीट येतही नाही.

---

ताकपीठ
गुरुवार, दुपारी १२:४०

मी अजून इथेच आहे. पॉपकॉर्न संपले.

---

नकटीचं_लग्न
गुरुवार, रात्री ८:३०

@घाटावरची, 'पुढे गेलात' म्हणजे काय ते सांगितलंच नाहीत. आणि माझी एक खोड: काही फासे बंदच केले तर? म्हणजे काही पत्त्यांचे व्हेरियन्स शून्य. मग व = १/० होतं आणि रेषेवर बिंदूच मांडता येत नाही. त्या पळवाटेतून एखादं गुळगुळीत गाउसियन निसटत असेल.

---

घाटावरची
गुरुवार, रात्री १०:१५

तेच म्हणायचं होतं. पळवाटेतून निसटतात, पण दोनच जातीची.

समजा 'क' आणि 'ख' चालू आहेत, आणि त्यांच्या बेरजेचा पत्ता बंद. तिहेरी सरासरीच्या वेगात मग एकच पद उरतं: दोन्ही व्हेरियन्स गुणिले (१/|क|² − १/|ख|²) गुणिले क्षेत्रफळ. ते शून्य हवं. म्हणजे एक तर दोन्ही पत्ते एकाच दिशेत, नाही तर दोघांची लांबी सारखी. या दोन्हींपैकी काहीच नसेल, तर बेरजेचा पत्ता चालू असायलाच हवा.

पहिली जात: सगळे चालू पत्ते मूळबिंदूतून जाणाऱ्या एका रेषेवर. हा पट्ट्यापट्ट्यांचा प्रवाह, प्रत्येक पट्टी आपल्या वेगानं सरळ जाते, चित्र हलत नाही. दुसरी: सगळे एका वर्तुळावर. उदाहरणार्थ |क|² = २५ वर १२ पत्ते आहेत, (५,०) सारखे ४ आणि (३,४) सारखे ८. त्यांच्या उंची काहीही ठेवा, प्रवाह स्थिरच राहतो. दोन्हीकडे गाउसियन टिकतं, कारण कुणी काही हलवतच नाही. गड्डी पिसलीच नाही.

बाकी कुठेही एक जोडी अशी सापडते की 'क' आणि 'ख' वेगळ्या दिशांचे, वेगळ्या लांबीचे. मग क+ख चालू. मग क+ख आणि ख मिळून क+२ख चालू. मग क+३ख. शिडी चढत जाते. (ख चं चिन्ह असं निवडायचं की पत्ता दर पायरीला लांब होत जाईल. ख चालू तर −ख चालूच असतो.) प्रत्येक पायरीला एकरेषीय अट लागू, म्हणून शिडीवरचे सगळे बिंदू पहिल्या दोघांच्या रेषेवर. वर जाल तसं १/लांबी² शून्याकडे, म्हणून वजन त्या रेषेच्या उभ्या अक्षावरच्या छेदाकडे. छेद सांत. व्हेरियन्स शून्याकडे जाऊच शकत नाही. गुळगुळीतपणा संपला.

एकच जोडी पुरते.

---

नकटीचं_लग्न
गुरुवार, रात्री १०:४०

शिडी कागदावर काढली. क = (१,०), ख = (१,१) घेतलं: (२,१), (३,२), (४,३)... वर्ग ५, १३, २५. (४,३) वर पोचले आणि हसू आलं, ही तर तुमच्या वर्तुळावरची! एकटी वर्तुळावर होती तोवर शांत बसली होती.

छेद शून्य निघाला तर? रेषा मूळबिंदूतून गेली तर?

---

घाटावरची
गुरुवार, रात्री १०:५२

तर बीटा = ०, वजन शून्याकडे, व्हेरियन्स |क|² सारखा वाढतच जातो. मुंग्यांहून खडबडीत. वेगच पांढरा गोंगाट होतो. आणि छेद ऋण असेल तर वर कुठेतरी वजन ऋण होईल, ते गाउसियनच नाही.

---

रिकामा_न्हावी
गुरुवार, रात्री ११:३०

(३,४) वाले १२ पत्ते चालवून बघितले. खरंच काही हलत नाही, कितीही वेळ ठेवलं तरी तेच चित्र. मग त्यात (१,०) चा एक अगदी बारीक फासा टाकलाय. संगणक चालू ठेवून झोपतो, सकाळी सांगतो.